हातावरचे मीठ

माझ्या काठाचा एक टवका उडालेला आहे, हे आधीच सांगून टाकते; नंतर कोणी नाक मुरडायला नको. मी मिठाची बरणी आहे, मित्रांनो. चिनी मातीची, वरून तपकिरी आणि खालून पांढरी. वय विचाराल तर पस्तिशीच्या पुढे. स्वभाव विचाराल तर, खरे सांगते, जळकुटा.

भट्टीतून निघाले तेव्हा मी अशी नव्हते. उल्हासनगरच्या कॅम्पात एका सिंधी शेठच्या दुकानात गवताच्या गादीवर बसून होते. तिथे पदू आणि बाळी आले. नुकतेच लग्न झालेले. बारवी धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची वाडी, आणि वाडीत नवे घर शाकारून तयार. नव्या घरात पहिल्यांदा मीठ न्यायचे असते, म्हणून ते बरणी घ्यायला आले होते.

"ले जा सांई, तुझ्या नातवंडांना पण पुरेल," शेठ म्हणाला.

पदूने मला टॉवेलात गुंडाळले आणि बदलापूरहून वाडीपर्यंत खांद्यावरून नेले. घरात आधी मी गेले, मग बाळी. तो तोरा माझ्या अंगात अजून आहे.

चुलीशेजारी जमिनीवर माझी जागा ठरली. तेव्हा माझ्यात खडेमीठ असे. पदू उजाडता रानात जाई, लाकूड तोडी, भात लावी, उन्हात घामाने निथळून घरी येई. पेजेत मीठ, सुकटीत मीठ, मिरचीच्या ठेच्यात मीठ. लेकीला दृष्ट लागली की बाळी माझ्यातलेच मूठभर मीठ तिच्यावरून उतरवी. माझ्यावाचून या घराचे पान हलत नव्हते.

या घरात एक रीत होती, ती नीट ध्यानात ठेवा. मीठ हातातून हातात द्यायचे नाही. दिले तर देणाऱ्या-घेणाऱ्यात भांडण होते. म्हणून पदू जेवायला बसला की बाळी मला उचलून त्याच्या ताटापुढे ठेवी आणि तो आपल्या हाताने मीठ घेई. इतर भांड्यांना चुलीपाशीच थांबावे लागे. धन्याच्या पंगतीला बसण्याचा मान माझ्या एकटीचा होता. मी फुगून बसत असे.

मग लेकीच्या लग्नात तो आला. साखरेचा डबा! आहेरातला, स्टीलचा, गुळगुळीत, घट्ट झाकणाचा. बाळीने त्याला फळीवर ठेवले. मला इतक्या वर्षांत कधी फळी दाखवली नव्हती, आणि हा कालचा आलेला सरळ वर! पाहुणा आला की हात त्याच्याकडे जाई. सणाला तो, बारशाला तो, परीक्षेत नात पास झाली तरी तोच. आठवड्यातून एकदा त्याला राखेने घासून लखलखीत करत. मला घासायला कोण येतो? माझ्या अंगाला चुलीचा धूर बसला होता. मी खालून त्याच्याकडे बघायची आणि आतल्या आत कुढायची. मित्रांनो, मी रात्रंदिवस एकच मागणे मागत होते. त्याचे तोंड काळे होऊ दे.

आणि तसेच झाले. मागणे मागताना जपून मागावे म्हणतात, ते उगाच नाही.

पदूचे वय झाले तसे त्याने रान सोडले आणि चिखलोलीला एका नव्या बिल्डिंगवर वॉचमन म्हणून लागला. दिवसभर खुर्चीत बसणे. घाम गेला, भूक तशीच राहिली, आणि मिठासाठी पुढे येणारा हातही तसाच राहिला. दोन वर्षांत तो दमायला लागला, पाणी पाणी करायला लागला. वाडीत तपासणीचे शिबिर झाले तेव्हा कळले, पदूला शुगर आहे. गोळी सुरू झाली.

त्याच दिवशी बाळीने साखरेचा डबा रिकामा करून कपड्यांच्या पेटीमागे ढकलला. काय सांगू तुम्हाला! माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. नाचता येत असते तर नाचले असते.

पदूला बिनसाखरेचा कोरा चहा उतरेना. दोन दिवस त्याने तोंड वाकडे केले आणि तिसऱ्या दिवशी माझ्यात हात घालून चिमूटभर मीठ चहात टाकले.

"काय करताय?" बाळीने विचारले.

"खारट गोडाला मारतं," पदू म्हणाला. "गोड बंद सांगलाय, खारट कुठं बंद सांगलाय? जेवढा मीठ जाईल तेवढी शुगर कमी होईल."

बाळीला ते पटले. चिंच फार आंबट लागली की तीही मीठच लावायची ना! त्या दिवसापासून चहातही मी. डब्याचे राज्य होते, तिथे माझा झेंडा लागला. सुकटीवर वरून मीठ, काकडीला मीठ, नुसत्या भातावर मीठ. आधी महिन्याला भरायची मी, आता पंधरा दिवसांत तळ दिसू लागला. जितकी लवकर रिकामी होत होते, तितकी मी लाडकी, असे माझे गणित.

पदूच्या चपलेचा पट्टा लागेनासा झाला ते मी पाहिले होते. पाय सुजले होते. तो पट्टा मोकळा सोडून चप्पल फरपटत डोंगर उतरू लागला. संध्याकाळी पाय बोटाने दाबला की खड्डा पडे आणि बराच वेळ भरत नसे. मी हे सगळे जमिनीवरून, अगदी जवळून पाहत होते. मला वाचा नाही, हे खरे. पण वाचा असती तरी मी गप्पच बसले असते, हेही खरे. ती माझी लाज आहे, मित्रांनो.

एका दुपारी सरकारी दवाखान्याची आशाताई आली. भारती तिचे नाव, कुळगावातली, पायाला भिंगरी बांधल्यासारखी वाडी वाडी हिंडणारी. तिने पदूच्या दंडाला पट्टा बांधून बीपी बघितला आणि तिचा चेहरा उतरला.

"काका, बीपी खूप वाढलाय. पाय पण सुजलेत. खाता काय तुम्ही?"

"गोडाला हात लावत नाय," पदू छाती पुढे काढून म्हणाला. "इचार हिला."

"आणि मीठ?"

"भाजीत मी मापातच घालते," बाळी म्हणाली. ते खोटे नव्हते.

जेवणाची वेळ होती. भारती भिंतीला टेकून बसली. बाळीने ताट वाढले आणि नेहमीसारखी मला उचलून पदूपुढे ठेवली. माझी मान ताठ! पाहुणीसमोर पदूने तीन वेळा माझ्यात हात घातला.

"मावशी, अख्खी बरणी कशाला? चिमूटभर द्या ना काकांच्या हातात."

"हातात मीठ देत नाय, पोरी. भांडण होतं."

भारतीने मला जवळ ओढले आणि आत वाकून पाहिले. "ही कधी भरली होती?"

"गेल्या बाजाराला. अख्खा पुडा वतला."

"दोन माणसांना किलोचा पुडा तीन महिने जायला पाहिजे, मावशी. इथं आठ दिवसांत अर्धी झालीय!" ती पदूकडे वळली. "काका, मीठ शुगरला मारत नाही. मीठ जास्त खाणाऱ्यांना शुगर व्हायचा धोका जास्त दिसतो, असं आता डॉक्टर पण सांगतात. आणि झालेली असली तर डबल मार. बीपी वाढतो, किडनी खराब होते. मग आठवड्यातून दोनदा रक्त धुवायच्या मशीनवर झोपायला लागेल. उद्याच दवाखान्यात चला."

पदूच्या हातातला घास हातातच राहिला. बाळी माझ्याकडे बघत होती. पस्तीस वर्षांत तिने माझ्याकडे असे कधी पाहिले नव्हते, जसे आपल्याच पाळीव कुत्र्याने पोराला चावावे.

दवाखान्यातून ते दुसऱ्या दिवशी परतले. डॉक्टरांनी भारतीसारखेच सांगितले, वर आणखी एक गोळी दिली. बाळीने घरात पाऊल टाकले, डोक्यावरचा पदर खोचला आणि मला उचलले. वाटले, आता दगडावर आपटते. पण तिने पेटीमागून साखरेचा डबा ओढून काढला, माझे मीठ त्यात ओतले, मला धुतले, पुसले आणि फळीवर नेऊन ठेवले. अगदी वर, जिथे जेवायला बसलेल्या पदूचा हात पोहोचत नाही. डबा आला माझ्या जागी, चुलीजवळ, तिच्या उजव्या हाताशी.

मित्रांनो, जन्मभर जिच्यासाठी जळले ती फळी मला मिळाली. रिकामी होऊन मिळाली.

दुपारी पदू जेवायला बसला. पहिला घास घेतला, आळणी लागला. सवयीने त्याचा हात ताटापुढे गेला. तिथे कोणी नव्हते.

"मीठ?"

बाळीने डबा उघडला, दोन बोटांनी चिमूट उचलली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. अगदी एवढीशी. झाकण लावून टाकले.

पदू दचकला. "हातात देतेस? रीत इसरलीस काय? भांडण होईल."

"होऊ दे," बाळी म्हणाली. "भांडायला तरी तुमी असाया पायजे."

पदू ते मीठ भातावर टाकून खाली मान घालून जेवला.

त्याला आता तीन महिने झाले. चपलेचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत नाही, पण लागतो. शुगर गेलेली नाही, ती जाणारही नाही म्हणतात. गोळ्या चालू आहेत, आणि पदू चिखलोलीहून परत येताना डोंगर पायी चढतो.

आणि मी? साखरेच्या डब्याचा हेवा मी सोडला. आता मला बाळीच्या त्या दोन बोटांचा हेवा वाटतो. माझ्या रुंद तोंडातून मी पस्तीस वर्षांत जे माप दिले नाही, ते तिची दोन बोटे रोज देतात. तुमच्या घरीही माझी एखादी बहीण ताटापुढे ऐटीत बसली असेल, तर तिला उचलून वर ठेवा. रुसेल, जळेल, पण फुटणार नाही. माणसे खाल्ल्या मिठाला जागतात. कधीतरी मिठाच्या बरणीनेही खाणाऱ्याला जागावे.

खाली ताट वाढले आहे. पदूने हात पुढे केला आहे, आणि चिमूट लहान आहे म्हणून कुरकुर सुरू झाली आहे. आता भांडण होणार. होऊ दे.