बॅटरीवरचा मुक्काम

नवा ट्रॅक्टर आला म्हणून आमच्या ह्यांनी बैलजोडी विकायला काढली. बैल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे बांधून चोपड्याच्या गुरांच्या बाजारात गेलो. मुक्काम ट्रॉलीतच. बल्ब, टेप, छोटा टीव्ही, सगळं ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. कशाला किती करंट लागेल, याचा हिशोब ह्यांनी आठवडाभर मांडला होता. मी तोंड उघडलं की म्हणायचे, "तुला त्यातलं काय कळतं?"

हिशोब चोख निघाला. शेवटचं गाणं संपलं, तशी बॅटरीही संपली.

सकाळी ट्रॅक्टर सुरू होईना. हिशोबात ट्रॅक्टर धरलाच नव्हता. शेवटी बैल जुंपले. त्यांनी उतारापर्यंत ओढत नेला, तेव्हा कुठे तो घरघरला.

बघणारं गिऱ्हाईक खूश होऊन ह्यांना म्हणालं, "शालिग्रामभाऊ, जोडी केवढ्याला?"

ह्यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, "जोडी विकायची नाही. ट्रॅक्टरचं बोला."