सकाळची भूक

"अगं, मला भूक लागलीय."

मावशींच्या हातातलं अंडं तव्यावर फुटायचं ते ओट्यावरच फुटलं. त्यांनी वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात नवरा उभा होता, दाढी केलेला, भांग पाडलेला, आणि चक्क हसत होता.

गेलं वर्षभर या एका वाक्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं. आज ते कानावर पडलं आणि त्यांनी गॅसच बंद केला.

नवरा बसचा ड्रायव्हर होता. नजर अधू झाली म्हणून त्याला घरी बसवलं, तेव्हापासून माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "गोळ्या देतेच. पण सकाळचं खाणं चुकवू नका. अंडं, दही, एखादं फळ, मूठभर अक्रोड. नुसत्या चहा-बिस्किटांवर दिवस ढकलला की अंगात त्राण राहत नाही आणि मनही खचतं." मावशींनी ते फारच मनावर घेतलं. रोज बशी भरायची, आणि रोज त्याने दोन घास चिवडून ती परत सरकवायची.

मावशींची नोकरीही खाऊ घालण्याचीच. इस्पितळात नाश्त्याची ढकलगाडी घेऊन खाटेखाटेपाशी जायचं, काय हवं ते विचारायचं आणि द्यायचं. रोगी त्यांना मावशी म्हणत, डॉक्टर मावशी म्हणत. एकदा नवऱ्यानेही चेष्टेत मावशी म्हणून पाहिलं, तेव्हा त्यांनी असे डोळे वटारले की पुन्हा त्याने ते नाव काढलं नाही.

त्या कामात एक गोष्ट त्यांना कळली होती, कुणी न सांगता. कोपऱ्यातल्या वॉर्डात दिवसच्या दिवस पाण्याचा घोटही न घेणारा एखादा रोगी अचानक एका सकाळी उठून बसायचा. डोळे स्वच्छ, चेहऱ्यावर हसू. "मावशी, भूक लागलीय हो," म्हणायचा. घरचे लोक आनंदाने रडायचे. मावशी ब्रेडला लोणी लावून द्यायच्या, फळ चिरून द्यायच्या. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गेलं की त्या खाटेवर नवी चादर असायची. हे एकदा झालं असतं तर त्या विसरूनही गेल्या असत्या. पण आता त्या ते हसू लांबून ओळखायला लागल्या होत्या, आणि तेच हसू आज त्यांच्या दारात उभं होतं.

"आज काही नाही," त्या म्हणाल्या.

"काही नाही कसं? ही काय अंडी, हे काय दही."

"दही आंबलंय. तुम्ही पडा जरा."

"कमाल झाली! वर्षभर खा खा म्हणून कान किटवलेस. आज खातो म्हणतोय, तर बशी उचलून ठेवतेस?"

मावशींनी बशी खरंच कपाटात ठेवली आणि कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या. कामावर येत नाही म्हणून फोन केला. घरात लख्ख ऊन आलं होतं, आणि त्या उन्हात नवरा गुणगुणत फिरत होता. बंद खिडकी त्याने उघडली. काच पुसली.

"काय हलकं वाटतंय आज!" तो म्हणाला.

हेही ते रोगी म्हणायचे.

"काल स्वप्नात आई आली होती."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. पायथ्याशी उभी राहून नुसती बघत होती. मग म्हणाली, ऊठ, खाऊन घे."

मावशी त्या बाईला ती हयात असताना कधी उलट बोलल्या नव्हत्या. आज मनातल्या मनात म्हणाल्या, सासूबाई, पाया पडते, पण आजच्या दिवस तुम्ही जा.

दुपारी तो खुर्चीत बसल्या बसल्या डोळे मिटून स्वस्थ झाला. फारच स्वस्थ. मावशी दबक्या पावलांनी गेल्या आणि त्याच्या नाकाखाली बोट धरलं.

"आहे अजून," तो डोळे न उघडता म्हणाला.

तेव्हा त्यांचा बांध फुटला. त्यांनी सगळं सांगून टाकलं, ते हसू, ती भूक, त्या चादरी. वाटलं होतं, तो हसेल. तो हसला नाही. खुर्चीत सरळ होऊन बसला.

"त्यांनी मागितलेलं तू द्यायचीस?"

"द्यायची."

"ठाऊक असूनही?"

"मग काय, जाणाऱ्याला उपाशी पाठवायचं?"

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, अगदी मायेने.

"आणि मला उपाशी ठेवतेस?"

मावशी उठल्या. अंडी नीट तळली, केळं चिरलं, अक्रोड फोडले. तो जेवावं तसा जेवला आणि ब्रेडच्या तुकड्याने बशी पुसून घेतली. मावशी समोर बसून त्याचा घास न् घास पाहत होत्या, डोळे भरून पाहून घ्यावं तसं.

ती रात्र कशी सरली ते त्यांचं त्यांना ठाऊक. पहाटे कुठे डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा उजाडलं होतं. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. हालचाल नव्हती. त्याच्या खांद्याला हात लावायचा त्यांना धीर होईना.

"अहो."

त्या थोड्या जवळ सरकल्या.

"अहो, भूक लागलीय का?"

तो सावकाश कुशीवर वळला. बायकोचा चेहरा त्याने क्षणभर न्याहाळला.

"छे," तो म्हणाला. "अजिबात नाही."

मग उठला, तोंड धुतलं, स्वयंपाकघरात येऊन बसला आणि समोर आलेली बशी जवळ ओढली. अंडं संपवलं, दही संपवलं, केळं संपवलं.

"बळेच खातोय हं," तो भरल्या तोंडाने म्हणाला. "तू म्हणतेस म्हणून."

"माहीत आहे," मावशी म्हणाल्या आणि त्याच्या बशीत आणखी एक अंडं वाढलं.