चौकी घेण्याआधी

नवऱ्याशी सालकिनचं सगळ्यात जास्त बोलणं झालं ते लढाईत.

एरमेक रशियात, येकातेरिनबुर्गला, गोदामात कामाला गेला तेव्हा लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती. फोनवर त्याला बोलताच यायचं नाही. "जेवलात?" "जेवलो." "थंडी?" "आहे." की संपलं. त्यातून इकडे किर्गिझस्तानात, आतबाशीच्या घरात सासूबाई किटली घेऊन शेजारीच बसलेल्या. म्हणून जाताना त्याने आपला जुना संगणक तिला जोडून दिला आणि आपला लाडका खेळ शिकवला. खेळातला देश खोटा, डोंगर खोटे, पण पसारा असा की दिवसभर जीप पळवली तरी सीमा लागायची नाही. जागोजागी शत्रूच्या चौक्या, त्या दोघांनी मिळून घ्यायच्या. गायी दोहून, नान भाजून झालं की सालकिन हेडफोन चढवायची, आणि तिकडून हा घुमा माणूस घडाघडा बोलायला लागायचा.

"अगं थांब, घुसतेस कुठे? आधी टेकडीवर चढ. दुर्बीण लाव. कोण कुठे उभा आहे ते नीट बघून घे. मनोऱ्यावरचा बंदूकवाला पहिला. मग भोंगा तोडायचा, म्हणजे त्यांना मदत मागवता येत नाही."

"आणि मी दिसले तर?"

"तर पळायचं. म्हणून तर जीप रस्त्याकडे तोंड करून लावायची."

"आतबाशीची सून पळाली म्हणतील."

"म्हणू देत. मला सून जिवंत हवी."

घरात ती त्याला 'तुम्ही' म्हणायची. खेळात त्याचं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. गवतात पालथं पडून गस्तीची गाडी जायची वाट बघताना तो तिला लहानपणीच्या गोष्टी सांगायचा, ज्या त्याने चुलीशेजारी बसून कधीच सांगितल्या नव्हत्या. सालकिनला वाटायचं, आपला संसार आता कुठे सुरू झाला.

पुढे त्याचं खेळात येणं कमी झालं. कामाची पाळी बदलली म्हणाला. ती एकटीच खेळत राहिली आणि हळूहळू त्याच्यापेक्षा तयार झाली.

एका रविवारी दुपारी त्याचं नाव पडद्यावर उजळलेलं दिसलं. हातातलं पीठ तसंच ठेवून ती धावली. बघते तर त्याचा सैनिक भर उन्हात फाटकासमोर उभा राहून अंदाधुंद गोळ्या झाडतोय.

"अरे, पिऊन आलास की काय?"

"कोण बोलतंय?" बाईचा आवाज आला. तरुण, हसरा. बोली तातार, पण किर्गिझ माणसाला निम्मी तरी समजते. "एरमेक कामावर गेलाय. मी अल्फिया. तुम्ही त्याच्या गावच्या का?"

सालकिनच्या तोंडून नुसतं "हो" गेलं.

"मग मला शिकवा ना! तो शिकवतो, पण घाई करते म्हणून ओरडतो. सारखी मरते मी."

"आधी टेकडीवर ये," सालकिन म्हणाली. आवाज आपलाच आहे का, असं तिला वाटलं. "खाली बस. दुर्बीण काढ."

दोघी गवतात पडून राहिल्या. सालकिनने विचारलं, "एरमेक तुझा कोण?"

"नवरा. कागद व्हायचेत अजून, पण मुल्लाने निकाह लावलाय. मुलगी आहे आम्हाला. आता दात येताहेत, रात्रंदिवस किरकिर. नुरायिम नाव."

सालकिनचा हात थांबला. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिच्या पोटात मूल होतं. चुलीपाशी बसून दोघांनी नावं काढली होती. मुलाच्या नावावरून भांडले होते, मुलीचं मात्र लगेच ठरलं. सहाव्या महिन्यात सगळं आटोपलं. त्यानंतर ते नाव घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

"अपा? आहात ना?"

तातार लोक थोरल्या बहिणीला अपा म्हणतात. आतबाशीत अपा म्हणजे आई.

"आहे. मनोऱ्यावरचा तू घे. श्वास धरून नेम लाव. मी भोंग्याकडे जाते."

चौकी पडली. अल्फिया टाळ्या पिटत हसत होती. "तुम्ही अगदी त्याच्यासारखं बोलता हो!"

संध्याकाळी एरमेक खेळात आला. टेकडीवर त्याचा सैनिक तिच्या सैनिकाशेजारी येऊन उभा राहिला.

"सालकिन."

"जेवलात?"

ते 'तुम्ही' त्याला लागलं. "सांगणार होतो गं. दर वेळी ठरवून यायचो. तू इतकी हसायचीस... तिला काही बोलली नाहीस तू?"

"तिला काय माहीत? तिच्यावर कशाला ओरडू?"

"मग माझ्यावर ओरड. शिव्या घाल. पण असं नको."

"दुसरं एखादं नाव नव्हतं का हो?"

"दुसरं सुचलंच नाही मला," तो म्हणाला. मग टेकडीवर ती एकटीच उरली.

उन्हाळ्यात सालकिन माहेरी कोचकोरला निघून आली. सासूबाई फाटकापर्यंत रडत आल्या. लेकाला दोष देत होत्या आणि हिचा हातही सोडत नव्हत्या. सामानात तिने संगणक तेवढा आणला. भावजय म्हणाली, "बाई, संसार मोडला आणि खेळ सुटत नाही तुझा."

सालकिन काय सांगणार? एरमेक पुन्हा खेळात आला नाही, पण त्याने तिकडच्या बायकोलाही काही सांगितलं नसावं, कारण अल्फिया येत राहिली. पुलावरची चौकी कशी घेऊ, अपा? हेलिकॉप्टर मागे लागलं तर? सालकिन सगळं समजावून द्यायची. झाडीत शिर, हलू नकोस, ते वर चकरा मारून कंटाळून जातं. आणि सगळं झालं की सहज विचारल्यासारखं विचारायची, "पोर कशी आहे?" नुरायिम आता धरून उभी राहते. नुरायिमला दही आवडतं. काल पडली, कपाळाला टेंगूळ आलं.

एक दिवस दोघी धान्यकोठाराच्या चौकीत शिरल्या होत्या. निम्मे पहारेकरी पडले होते. तेवढ्यात तिकडे खोलीत पोर जागी झाली. अल्फियाने तिला मांडीवर घेतलं असणार, कारण हेडफोनमध्ये अगदी कानाशी आवाज आला. ओलसर, अर्धवट झोपेतला. "ब... बा... अपा-पा-पा."

"अपा, डावीकडे! अहो, लपा!" अल्फिया किंचाळली.

सालकिनने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरले होते. तिचा सैनिक उघड्या अंगणात तसाच उभा राहिला, आणि पडला.

"गेलात की हो! तुम्ही कशा मेलात?" अल्फिया हसायला लागली. "थांबा, हिला पाळण्यात टाकून येते."

"नको," सालकिन म्हणाली. "राहू दे तिला तिथेच. मला काही घाई नाही."