तिसरा मणी

सातव्या टेबलावरून हात वर झाला तेव्हा पंच म्हणून ताईच जवळ होती. तिथे तिचा धाकटा भाऊ खेळत होता, आणि पत्त्यांच्या या स्पर्धेत पंचाने आपल्या माणसाच्या डावात पडायचं नाही असा दंडक होता. पण मुख्य पंच जेवायला गेले होते. दहा मिनिटं थांबा, एवढंच म्हणायचं होतं. तिने ते म्हटलं नाही.

तंटा लांबणीच्या मंत्राचा होता. हे मंत्र लगेच चालत नाहीत. पत्ता बाजूला मांडून त्यावर तीन मणी ठेवायचे. आपली पाळी आली की आधी एक मणी उचलायचा, मग गड्डीतून नवा पत्ता ओढायचा. तिसरा मणी उचलला की मंत्र चालतो. धाकट्याने तिसरा मणी उचलला आणि तंद्रीत, चकार शब्द न काढता, पत्ता ओढला. समोरच्या चष्मेवाल्या मुलीने विचारलं, त्याने मंत्र जाहीर केलाच नाही, तर आता काय धरायचं?

फेरी शेवटची होती. जिंकेल तो जिल्ह्याच्या संघात जाणार होता, आणि धाकट्याचं कुमार गटातलं हे शेवटचं वर्ष.

ताईला विचार करावाच लागला नाही. "ओढायच्या आधी बोलला नाहीस ना? मग मंत्र गेला."

आवाज जरा जास्तच कडक लागला. भावाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको, हेही मनात होतंच. मुख्य पंचांकडे दाद मागता येईल, असं तिने रीतसर सांगितलं. धाकट्याने नकारार्थी मान हलवली.

"कशाला? बरोबर आहे तुझं."

चार पाळ्यांत तो हरला.

निर्णयाच्या वहीत कलमाचा आकडा लिहावा लागतो, म्हणून तिने नियमपुस्तिका उघडली. हवं ते कलम सापडेना. सापडलं ते भलतंच. जाहीर करावे लागतात ते उपडे ठेवलेले पत्ते, कारण ते समोरच्याला दिसत नसतात. उताण्या पत्त्याचा मंत्र शेवटचा मणी उचलताच आपोआप चालतो. खेळाडू विसरला तर ओढलेला पत्ता परत ठेवून मंत्र चालवायचा, त्याला समज द्यायची, बस्स. धाकट्याचा पत्ता उताणा होता.

मग आपल्या डोक्यातला नियम आला कुठून? तिला जेवणाचं टेबल आठवलं. धाकटा सात वर्षांचा, डाव मांडला की निम्मा वेळ याचं लक्ष खिडकीबाहेर. त्याने नीट खेळावं म्हणून तिनेच एक दिवस फर्मान काढलं होतं: तोंडाने बोललास तर मंत्र, नाहीतर गेला. तेव्हापासून दोघं घरी तसंच खेळत आली. फर्मान आपलं होतं हेच ती विसरून गेली होती.

निकालाच्या चिठ्ठीवर दोघांच्या सह्या होईपर्यंत निर्णय फिरवता येतो. तिने तिथल्या तिथे उठायला हवं होतं. पण खात्री झाल्याशिवाय बोलायचं नाही ही तिची खोड. तिने कलम तीनदा वाचलं, शेवटची अपवादांची यादीही चाळली. टेबलापाशी पोचली तेव्हा सह्या होऊन चष्मेवाली मुलगी पत्ते आवरत होती.

मुख्य पंचांनी सगळं ऐकून घेतलं. निकाल आता बदलणार नाही म्हणाले, आणि मला बोलवायला काय झालं होतं, एवढं एकच विचारलं.

बसथांब्यावर तिने धाकट्याला सांगितलं, काही न लपवता, कलमाच्या आकड्यासकट. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"पुस्तिकेत बघावं असं मला कधी वाटलंच नाही," तो म्हणाला. "तू होतीस ना." मग अगदी मनापासून त्याने विचारलं, "ताई, आणखी कुठले नियम आपल्या घरचे आहेत?"

ती आठवू लागली. एक आठवला, मग दुसरा. तिसऱ्याबद्दल तिला खात्री देता येईना. धाकट्याने तिच्या पिशवीतून पुस्तिका काढून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. बस आली तरी त्याने मान वर केली नाही.