आवश्यक ते करावे

कापडाच्या गोदामातल्या हेडक्लार्कांचं इंग्रजी म्हणजे अख्ख्या ऑफिसची शान. पंखा बंद पडो की छप्पर गळो, त्यांच्या पत्राचा शेवट ठरलेला: ‘काइंडली डू द नीडफुल’. कुणाला हुकूम सोडल्यासारखं होत नाही, कुणाचा रोष ओढवत नाही आणि कागद कसा भारदस्त दिसतो! काय करायचं, कुणी, कधी, असल्या फुटकळ गोष्टींत ते पडत नसत.

दोन महिन्यांपूर्वी मालाच्या लिफ्टवरचा माणूस त्यांच्याकडे आला होता. ‘साहेब, दोराच्या तारा तुटायला लागल्यात. वर कळवा.’ त्यांनी कळवलं. ‘लिफ्टच्या स्थितीकडे लक्ष वेधण्यात येत आहे’, असे तीन परिच्छेद आणि खाली नीडफुल. पत्र चार टेबलं फिरलं, चार सह्या झाल्या. पुढचा बघेल, असं प्रत्येकाला वाटलं. गेल्या सोमवारी दोर तुटला आणि तो माणूस जागच्या जागी गेला.

आज त्याची बायको समोर बसली होती. तिला ते पत्र ऐकायचं होतं. त्यांनी वाचलं.

‘आपल्या भाषेत सांगा.’

‘शेवटी लिहिलंय, आवश्यक ते करावं.’

‘म्हणजे काय करावं?’

हेडक्लार्कांनी पत्र पुन्हा वरपासून खालपर्यंत चाळलं.

‘दोर बदला, असं कुठे आहे?’

‘तसं... नाहीये.’

ती रडली नाही. ‘दुसऱ्या लिफ्टवर माझा दीर आहे. तिचा दोरही तसाच झालाय म्हणतो. आत्ता लिहा. मला कळेल असं.’

त्यांनी कोरा कागद ओढला. सवयीने ‘काइंडली’ लिहिलं गेलं, ते त्यांनी खोडलं. मग लिहिलं: ‘दोन नंबरची लिफ्ट आत्ता बंद करा. दोर तुटायला आलाय. मॅनेजरांनी नवा दोर बसवून घेईपर्यंत कुणीही चढू नये.’ खाली स्वतःची सही केली आणि वाचून दाखवलं.

‘कळलं. मग तेव्हा असं का नाही लिहिलंत?’

नियम, पद्धत, वरिष्ठांचा मान, सगळं ओठांवर येऊन गेलं. ‘असं लिहिलं तर अडाणी दिसेन, असं वाटायचं, ताई,’ ते म्हणाले. त्यांना स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

तिने कागद उचलला. मॅनेजरच्या खोलीकडे न वळता ती सरळ दोन नंबरच्या लिफ्टपाशी गेली आणि तो दिराच्या हातात दिला. हेडक्लार्क दारातून बघत होते. त्याने वाचलं, लिफ्टमधून बाहेर येऊन जाळीचं दार ओढलं आणि कुलूप लावलं. एक मिनिटही लागलं नाही.