पदरावरचा एकटा मूस

आमच्या वडगावच्या गल्लीत साडीच्या पदरावर जनावर एकटं काढत नाहीत. मोर असो, हत्ती असो, जोडी लागते, तीही समोरासमोर. एकटं काढलं तर नेसणारी एकटी पडते, असं आई म्हणते. माझ्या थोरल्या बहिणीला, पारमिता आक्काला, कॅनडात मूस मोजायची नोकरी लागली, तेव्हा आईने सोमवारी मागावर तिच्यासाठी साडी घेतली आणि पदरापासून सुरुवात केली. आक्का रविवारी निघणार होती. आईने अजून "जा" म्हटलेलं नव्हतं. त्यामुळे आक्का बॅग भरायची आणि परत उपसायची.

मूस म्हणजे हरणाच्या जातीतलं, पण उंटाच्या मापाचं जनावर. मोजायला सोपं असणार, असं मला वाटलं.

मंगळवारी पहिला मूस विणून झाला. फावड्यासारखी रुंद शिंगं.

"आई, माझ्या पदरावरची म्हंजे ही मादी हाय न्हवं?" आक्का म्हणाली. "मादीला शिंगं नसत्यात. नराचीबी हिवाळ्यात गळून पडत्यात, फुडं नवी येत्यात."

आईने दोन तास बसून शिंगं उकलली. शेजारच्या शालूबाईंनी डोकावून विचारलं, "गाढव का, तानुबाई?" आईने दार लावून घेतलं.

"आता हिच्या म्होरं दुसरी घालते," आई म्हणाली.

"मूस कळपात न्हाय राहत, आई. एकटाच असतोय."

मागावर इकडून तिकडे पळणारा धोटा थांबला. "शेजारीपाजारी?"

"न्हाईत."

"मग खातोय काय?"

"झाडाच्या काटक्या. उन्हाळ्यात तळ्यात बुडी मारून पाण्यातलं गवत."

"बुडी पण एकट्यानंच?"

"रस्त्यावर येऊन गाड्या चाटतोय की," मी माहितीत भर घातली. "गाड्यांना मीठ लागल्यालं असतंय." हे मी फोनवर बघितलं होतं. उपयोग झाला नाही.

"वासरू तरी आईजवळ असंल?"

आक्का बॅगेची चेन मागेपुढे करत राहिली. "वर्षभर. मग नवं वासरू व्हायच्या आधी आई त्येला हाकलती. कान मागं टाकून अंगावर जाती. त्येला कळत न्हाय, ते परत परत येतंय."

बुधवारी आईने माग बंदच ठेवला. माग चालू असला की आमच्या घरात एकमेकांचं नीट ऐकू येत नाही. बंद पडल्यावर कळलं, तेच बरं होतं. आई चुलीपासून मागापर्यंत येरझाऱ्या घालत होती. आक्काने बॅगेचं वजन चार वेळा केलं. मग मी माझंही केलं. बॅग तेवीस किलो, मी बावन्न.

गुरुवारी सकाळी खटखट परत सुरू झाली. शनिवारी संध्याकाळी साडी उतरली आणि स्वयंपाकघरापासून दारापर्यंत पसरली. पदरावर मूस एकटाच होता. आक्काचा चेहरा पडला. मग मी दाराकडचं टोक उलगडलं, नेसताना कमरेला खोचतात ते. तिथे दुसरा मूस होता. आकाराने मोठा, बिनशिंगाचा, कान मागे, तोंड पदराकडे.

"जोडी हाय," आई म्हणाली. "पद्धत मोडली न्हाय. मधी साडेपाच मीटर हाय, एवढंच."

"ही मोठी म्हंजे तू व्हय गं?" आक्काने विचारलं.

"मग काय शालूबाई?"

रविवारी रिक्षा दारात आली. आक्का बाहेर गेली आणि चार्जरसाठी आत आली. परत गेली, पाणी प्यायला आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिला काहीच नको होतं. नुसती उभी राहिली.

आई मागावरून उठली. डोक्यावरचा पदर दोन्ही कानांवरून घट्ट मागे ओढून खोचला आणि तिच्याकडे दोन पावलं टाकली.

"जातीस, का येऊ अंगावर?"

आक्का पळत जाऊन रिक्षात बसली. रिक्षा सुटली. बॅग माझ्याच हातात होती. तेवीस किलो घेऊन मी गल्लीतून मागे धावलो. कोपऱ्यावरून वळून बघितलं, तर आई दारातच उभी होती. कान अजून मागेच.