पायाळूचा पाय

बायको मनुबाई गेल्याचं कळलं तेव्हा रावजी नामाच्या पाठीवर पाय ठेवून उभा होता. रावजी पायाळू, जन्मताना आधी पाय बाहेर आलेला. अशा माणसाचा पाय लागला की कंबरेची उसण उतरते, म्हणून अर्धं चौल गाव त्याच्या ओटीवर येऊन पालथं पडायचं. किहीमहून मेव्हणीचा फोन आला. मनुबाई तिच्याकडे जेवून बसली होती. छातीत कळ आली आणि बसल्या जागी संपली. रावजीचा पाय नामाच्या पाठीवरच राहिला. शेवटी नामाच हळू म्हणाला, "काढ रं आता."

मनुबाईचं अंग बारा वर्षं दुखत होतं. आज खांदे, उद्या मांड्या, परवा सगळंच. रक्त तपासलं, फोटो काढले, कशात काही निघालं नाही. रावजीने पाय दिला की ती ओरडायची. गावाची उसण उतरते आणि घरची उतरत नाही, याचा त्याला राग यायचा. एकदा भर लग्नात तो म्हणाला होता, "हिचं दुखणं काम बघून येतं." लोक हसले. मनुबाई भात वाढत राहिली.

वर्षश्राद्धाला लेक कल्पिता आली. दुसऱ्या दिवशी ती ओटीवर पालथी पडली.

"बाबा, पाय दे. दीड वर्ष झालं, अंग दुखायचं थांबत न्हाय. सासरी म्हणतात, नाटकं हायत."

रावजीने अंगठा नुसता टेकवला. ती कळवळली.

"दाबला पन न्हाय गो."

"म्हाईत हाय."

त्याने पाय मागे घेतला. "झोप लागते?"

"लागते. पन उठले की वाटतं, रातभर भारे वाह्यलेत. गॅसवर काय ठेवलंय तेपन आठवत न्हाय."

मनुबाईचं दूध असंच उतू जायचं. रावजीने चपला घातल्या.

"ऊठ. अलिबागला जाऊ. तुझे कागद घे."

डॉक्टरीणबाईंनी सगळे कागद पाहिले, मान, खांदे, गुडघे हलकेच दाबले, बराच वेळ विचारत राहिल्या. मग म्हणाल्या, "याला फायब्रोमायल्जिया म्हणतात. तपासणीत दिसत नाही, पण दुखतं ते खरं. जिवाला धोका नाही. रोज थोडं थोडं चालणं वाढवा, झोप सांभाळा. गोळ्या देते."

"म्हंजे मी खोटी न्हाय?"

"नाही."

कल्पिता हसली आणि ओढणीने डोळे पुसले. येताना रिक्षात नवऱ्याला फोन करून ती सांगत होती, "लिवून घे. लांबलचक नाव हाय. तुझ्या आईंना वाचून दाखव." रावजीलाही किती दिवसांनी हलकं वाटलं.

ओटीवर नामा कंबर धरून बसला होता.

"लेकीला दवाखान्यात नेलंस म्हनं? तिचंपन आईसारखंच का, काम बघून येनारं?"

"मनूचं खरं दुखत व्हतं, नामा. मीच खोटं बोललो."

नामा पालथा पडला. रावजीने पाय ठेवला, नेहमीपेक्षा हलका.

त्या लग्नात हसलेली बरीच माणसं अजून गावात होती. उद्या आवडाबाईला सांगायचं, परवा सदूला. मनुबाईला सांगायचं तेवढं राहिलं.